‘क्षार’ शब्दाचे दोन अर्थ

नालासोपारा हें नांव आज उच्चारलें कीं लोकलच्या गर्दीचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. नाळें आणि सोपारें या दोन जवळजवळच्या गांवांच्या नांवांची ही सांधेजोड रेल्वेच्या स्थानकामुळें रूढ झाली, आणि पुढें तें जोडनांवच एका भल्यामोठ्या वस्तीला चिकटलें. २००९ सालीं ही वस्ती वसई-विरार महानगरपालिकेंत गेली व २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हां पालघर जिल्ह्यांत आली. परंतु या नांवाचा उत्तरार्ध दोन हजार वर्षांहून जुना आहे. बौद्ध, जैन आणि ब्राह्मणी वाङ्मयांत ज्याला शूर्पारक म्हटलें आहे, ‘पेरिप्लस’ लिहिणाऱ्या अज्ञात ग्रीक व्यापाऱ्यानें कल्याणच्या जोडीनें ज्याचा उल्लेख केला आहे, तें बंदर हेंच.

१८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील ‘बुरुड राजाचा कोट’ या नांवानें ओळखलें जाणारें टेकाड खणविलें. आंत विटांचा स्तूप निघाला, स्तूपाच्या पोटांत दगडी पेटी निघाली, पेटींत तांब्याचा करंडक, त्याच्याभोंवतीं आठ बुद्धमूर्ति, आणि करंडकाच्या आंत एकांत एक बसविलेले आणखी करंडक असून सर्वांत आंतला सोन्याचा होता. त्यांत मातीच्या भांड्याचे तुकडे होते. भगवान बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते इतक्या निगुतीनें जतन केलेले असावेत. यज्ञश्री सातकर्णीचें एक रुप्याचें नाणेंही त्यांत मिळालें. त्याच वर्षीं अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सोपाऱ्यास सांपडला, आणि नवव्याचा तुकडा १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं हातीं आला.

शूर्पारकाच्या या वैभवाचें वर्णन विद्वानांनीं पुष्कळ केलें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून साधा, म्हटलें तर स्वयंपाकघरांतला आहे. या किनाऱ्यावर तीन जिनसा अशा आहेत कीं ज्यांच्यासाठीं कोणतेंही टेकाड खणावें लागत नाहीं: आगरांत पिकणारें मीठ, शिंपल्या भाजून केलेला चुना, आणि चुलींतली राख. मीठ खारट, राखेचें पाणी खारें, पापडांत घालावयाचा तो पापडखार, आणि भरतीचें पाणी शिरून नासलेली जमीन ती खारवट. हे सारे शब्द एका ‘क्षार’ शब्दाचीं लेंकरें आहेत. घरांत भावंडें एकत्र नांदतात तोंवर त्यांच्या स्वभावांतील अंतर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. तें अंतर पाहावयाचें तर हळदीचें पाणी घ्यावें. त्यांत मीठ टाकलें तर तें पिवळेंच राहतें. पापडखाराची चिमूट टाकली तर तें तत्काळ कुंकवासारखें लाल होतें. नांव एकच, मग एक खार निरुपद्रवी आणि दुसरा इतका उग्र कां? या प्रश्नाचें पुरतें उत्तर मिळण्यास १९२३ साल उजाडावें लागलें, आणि उत्तराची वाट आपल्याकडील एका फार जुन्या ग्रंथाच्या जवळून जाते.

तो ग्रंथ म्हणजे सुश्रुतसंहिता. तिच्या सूत्रस्थानांत क्षार तयार करण्याच्या विधीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. सुश्रुताच्या दृष्टीनें क्षार म्हणजे मीठ नव्हे. शस्त्रावांचून शस्त्राचें काम करणारें, कुजलेलें मांस जाळणारें, मूळव्याधीसारख्या विकारांवर लावावयाचें तें द्रव्य. पळस, कुटज, मुष्कक इत्यादि झाडें जाळावीं, त्यांची राख पाण्यांत कालवून वारंवार गाळावी, आणि तें गाळलेलें पाणी आटवावें, म्हणजे सौम्य क्षार होतो. अधिक तीव्र हवा असेल तर चुनखडा, शिंपा आणि शंख लाल होईपर्यंत भाजून त्यांत घालावे. तयार झालेला क्षार लोखंडी भांड्यांत तोंड बंद करून ठेवावा. आजच्या रसायनशाळेंतील विद्यार्थ्यानें हें वर्णन वाचलें तर राखेंतील पोटॅशचें कार्बोनेट आणि चुना यांच्या संयोगानें दाहक पोटॅश करण्याची ही कृति त्यास लगेच ओळखतां येईल. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पहिल्या खंडांत (१९०२) या प्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, तें योग्यच होतें. युरोपांत सौम्य आणि दाहक क्षारांतील फरकाचा उलगडा स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकनें १७५६ सालीं केला. तत्पूर्वीं तेथील पंडितांची समजूत अशी कीं चुन्यांत भट्टींतला अग्नि शिरून बसलेला असतो व तोच क्षारांत उतरतो.

सुश्रुताच्या अध्यायांत याहूनही मोलाची एक जागा आहे. क्षारानें जाळलेल्या जागेचा दाह आंबट कांजीसारख्या पदार्थानें शमवावा, असें तो सांगतो. मग शिष्याच्या तोंडून शंका निघते: आंबट पदार्थही आगीसारखाच तीक्ष्ण, आणि क्षारही आगीसारखाच, मग एक आग दुसरीला विझविते कशी? सुश्रुताचें उत्तर रसांच्या भाषेंत आहे. क्षारांत आंबट सोडून इतर रस असतात. आंबटाशीं संयोग झाला कीं त्याचा तीक्ष्णपणा जातो आणि तो सौम्य होतो. हें उत्तर आज कोणी रसायनशास्त्र म्हणून शिकविणार नाहीं, पण शंका मात्र निःसंशय रसायनशास्त्राची आहे. सुश्रुतास प्रोटॉन ठाऊक होता किंवा आजचा सिद्धांत आमच्या पोथ्यांत आधींपासूनच होता, असें अलीकडे हटकून ऐकूं येतें. असें म्हणणारे सुश्रुताचा गौरव करीत नाहींत. त्याच्या हातांतलें खरें श्रेय काढून घेऊन त्या जागीं खोटें ठेवितात. त्याचें खरें श्रेय म्हणजे अचूक कृति आणि अचूक प्रश्न. एवढें थोडें नाहीं.

युरोपीय रसायनशास्त्रज्ञांची पुढील दीडशें वर्षें याच प्रश्नाभोंवतीं गेलीं. फ्रान्सच्या रुएलनें १७५४ च्या सुमारास असें मांडलें कीं आम्ल हें निरनिराळ्या पदार्थांशीं जुळून क्षार, म्हणजे लवणें, निर्माण करितें. ज्या पदार्थाच्या आधारानें आम्लाला घनरूप मिळतें तो त्याचा ‘पाया’. इंग्रजींतील आणि फ्रेंचमधील ‘बेस’ हा शब्द अशा रीतीनें रसायनशास्त्रांत आला. लाव्वाझियेची खात्री झाली कीं प्रत्येक आम्लाच्या मुळाशीं एक विशिष्ट वायु असतो, आणि त्यानें त्या वायूला ग्रीक शब्दांवरून ‘आम्लजनक’ अशा अर्थाचें ऑक्सिजन हें नांव दिलें. नांव टिकलें, सिद्धांत टिकला नाहीं. मिठापासून निघणाऱ्या आम्लांत ऑक्सिजनचा लवलेश नसतो, असें इंग्लंडच्या डेव्हीनें १८१० च्या सुमारास दाखवून दिलें. आम्लपणाचें मूळ ऑक्सिजनांत नसून हायड्रोजनांत आहे, हें मग हळूहळू पटत गेलें. स्वीडनच्या अऱ्हेनियसनें १८८४ मधील आपल्या प्रबंधापासून पुढें जो विद्युद्भारित कणांचा सिद्धांत उभारला, त्यानें या विचारास निश्चित रूप दिलें: पाण्यांत विरघळून हायड्रोजनचा धनकण सोडतें तें आम्ल, हायड्रॉक्साइडचा ऋणकण सोडतें तें अल्क, आणि दोघांचें मीलन होऊन पाणी व क्षार ही जोडी जन्मास येते. त्यास १९०३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या शाळांतून आजही प्रथम शिकविलें जातें तें हेंच.

परंतु हळदीच्या पाण्याचा निकाल अऱ्हेनियसला लागत नाहीं. पापडखारांत मुख्य भाग सोड्याचें कार्बोनेट. अऱ्हेनियसच्या व्याख्येनें तो क्षार, म्हणजे आम्ल आणि अल्क यांचा समेट झाल्यानंतरचा शांत पदार्थ. त्यांत हायड्रॉक्साइड नांवालाही नाहीं. तरी तो हळद लाल करितो, बोटांना बुळबुळीत लागतो, आंबट ताकांत टाकला तर फसफसतो. म्हणजे समेट झाल्यावरही यांतील एक पक्ष भांडण विसरलेला नाहीं. पोरांना ‘क्षार उदासीन असतो’ असें पाठ करावयास लावून नंतर ‘अपवाद’ म्हणून पापडखार पुढें करणें ही शिक्षकांची जुनी पळवाट आहे. अपवाद फार झाले कीं नियमाकडेच पुन्हां पाहावें लागतें.

तें पाहण्याचें काम १९२३ सालीं दोघांनीं, एकमेकांस न कळतां, केलें. एक डेन्मार्कमधील कोपनहेगनचा योहानेस ब्रॉन्स्टेड, दुसरा केंब्रिजचा टॉमस लॉरी. पुढें १९४७ सालीं ब्रॉन्स्टेड डेन्मार्कच्या लोकसभेवर निवडून आला, परंतु आसनावर बसण्यापूर्वींच त्याच वर्षाअखेर वारला. एका आम्लाधिकाऱ्यानें कायदेमंडळांत काय केलें असतें, याचें कुतूहल अपुरें राहिलें. असो. दोघांचा विचार थोडक्यांत असा. हायड्रोजनच्या धनकणास १९२० मध्यें रदरफोर्डनें प्रोटॉन हें नांव दिलें होतें. जो कण प्रोटॉन देऊन टाकतो तो आम्ल; जो प्रोटॉन घेतो तो अल्क. हायड्रॉक्साइड असण्यानसण्याचा संबंध नाहीं. आणि यांतूनच ती गोष्ट आपोआप निघते कीं जिच्यामुळें सारें चित्र पालटलें: आम्लानें प्रोटॉन दिल्यावर जें उरतें, तें प्रोटॉन परत घेऊं शकतें, म्हणजे तें स्वतःच अल्क झालें. प्रत्येक आम्लाच्या अंगांत त्याचें एक अल्क दडलेलें असतें. यालाच त्या आम्लाचें संयुग्मी अल्क किंवा संयुग्मी आम्लारी म्हणतात.

या जोडीचा एक नियम आहे, तो मनुष्यस्वभावाशीं इतका जुळतो कीं समजावून सांगण्यास दृष्टांत शोधावा लागत नाहीं. मनापासून उदार असलेला गृहस्थ दिलेली वस्तु पुन्हां आठवीतही नाहीं. कवडीचुंबक मात्र नाइलाजानें कांहीं दिलें तर तें परत कधीं मिळेल या घोरांत असतो. आम्ल जितकें बलवान, म्हणजे प्रोटॉन द्यावयास जितकें उतावीळ, तितकें त्याचें संयुग्मी अल्क दुबळें. आम्ल जितकें दुबळें, तितकें त्याचें संयुग्मी अल्क बळकट.

आतां पुन्हां सोपाऱ्याच्या किनाऱ्यावर येऊं. पावसाळा संपला कीं उधाणाचें पाणी बांध घातलेल्या आगरांत घेतात आणि एका वाफ्यांतून दुसऱ्यांत असें उन्हावर आटवीत नेतात. प्रथम चुन्याचें कार्बोनेट तळाशीं बसतें, मग गोदंती जातीचें चुन्याचें सल्फेट, आणि त्यानंतर मिठाचे खडे. शेवटीं मॅग्नेशियमच्या लवणांचें कडू पाणी उरतें. वसई तालुक्याच्या आणि भाईंदर-नायगांवकडील खाड्यांच्या कडेनें हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालला. आगरी समाजाचें नांवच या आगरांशीं जोडलें जातें. या मिठांतील क्लोराइड हें हायड्रोक्लोरिक आम्लाचें संयुग्मी अल्क. तें आम्ल अत्यंत बलवान, म्हणून पाण्यांत आपला प्रोटॉन जवळजवळ सगळा देऊन मोकळें होतें. त्याच्यामागें राहिलेल्या क्लोराइडास प्रोटॉनची कांहींच ओढ नसते. म्हणून मिठाचें पाणी हळदीला स्पर्शही करीत नाहीं. पापडखारांतील कार्बोनेट याच्या उलट. तें बायकार्बोनेटचें संयुग्मी अल्क, आणि बायकार्बोनेट हें फार चिक्कू आम्ल. म्हणून कार्बोनेट पाण्याच्याच अंगावरचा प्रोटॉन ओरबाडून घेतें, आणि उघडें पडलेलें हायड्रॉक्साइड हळदीला लाल करितें. हळदीचें लाल होणें हीही तीच गोष्ट: हळदींतील पिवळें रंगद्रव्य स्वतःच एक दुबळें आम्ल आहे, आणि त्यानें प्रोटॉन गमावल्यावर उरणारें त्याचें संयुग्मी अल्क लाल दिसतें. लिंबू पिळलें कीं प्रोटॉन परत मिळतो व पिवळेपणाही परततो. हळदीच्या डागावर साबण लागतांच तो लाल कां होतो, हें आपल्या गृहिणींनीं हजारदां पाहिलें आहे. कपडा धुतां धुतां त्या एका संयुग्मी जोडीची परीक्षा घेत असतात.

चुन्याची कथा याहून नाट्यमय आहे. दख्खनच्या काळ्या कातळांत चुनखडक विरळा; त्यामुळें या किनाऱ्यावर चुन्याची गरज समुद्रानें भागविली. शिंपल्या भट्टींत भाजल्या कीं कार्बनचा वायु निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यांतील ऑक्साइड हें हायड्रॉक्साइडचें संयुग्मी अल्क. हायड्रॉक्साइड आधींच इतकें दुबळें आम्ल कीं त्याचा प्रोटॉन सुटणें जवळजवळ अशक्य. मग त्याच्या जोडीदाराची हांव काय विचारावी! ऑक्साइड पाण्यांत जिवंत राहूंच शकत नाहीं. चुनकळीवर पाणी पडतांच तिचा जो सूं सूं आवाज होतो, जी वाफ उसळते, जी ढेकळें आपोआप फुटतात, त्या साऱ्या प्रकारांत ऑक्साइडानें पाण्याच्या कणांकडून प्रोटॉन हिसकावून घेतलेला असतो. युरोपीय पंडितांना यांत कोंडलेला अग्नि दिसला, त्यांत नवल नाहीं. पुढें हा विरलेला चुना भिंतीच्या सांध्यांत बसला कीं हवेंतील कार्बनचा वायु सावकाश शोषून घेतो आणि पुन्हां शिंपलीच्याच पदार्थाचा होतो. पोर्तुगीजांनीं १५३४ नंतर वसईस जो किल्ला वाढविला व जो चिमाजी आप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत घेतला, त्याच्या भिंती अशाच चुन्यांत उभ्या आहेत. वसईचीं विड्याचीं पानें प्रसिद्ध. त्यांवर बोटानें लावलेला चुना, कात आणि सुपारी यांचा तोंडांत जो लाल रंग होतो, त्याच्याही मुळाशीं कातांतील दुबळ्या आम्लद्रव्यांनीं चुन्यापुढें प्रोटॉन टाकणें हीच पहिली पायरी आहे.

सुश्रुताच्या कृतीचा अर्थही आतां उघड होतो. राखेच्या पाण्यांतील कार्बोनेट सौम्य; कारण बायकार्बोनेट हें चिक्कू असलें तरी पाण्याइतकें चिक्कू नाहीं. भाजलेल्या शिंपा-शंखांचा चुना त्यांत पडला कीं तो कार्बोनेटास आपल्याबरोबर घेऊन तळाशीं बसतो, आणि द्रवांत राहतें तें हायड्रॉक्साइड, म्हणजे पाण्याचें संयुग्मी अल्क. पाणी हें बायकार्बोनेटपेक्षां दुबळें आम्ल, म्हणून त्याचा जोडीदार अधिक प्रखर. सौम्य क्षार आणि तीव्र क्षार यांतील जो भेद सुश्रुतानें हाताच्या अनुभवानें ओळखला, तो या एका वाक्यांत बसतो. आणि शिष्याच्या शंकेचें उत्तरही: दोन आगी भिडत नाहींत, एक देणारा आणि एक घेणारा भिडतात, आणि देण्याघेण्यानंतर दोघांचेंही रूप पालटतें.

शब्दांविषयीं थोडें लिहिल्यावांचून राहवत नाहीं. मराठी क्रमिक पुस्तकांत ‘बेस’ या अर्थीं ‘आम्लारी’ हा शब्द रूढ झाला आहे. आम्लाचा अरि तो आम्लारी. कोणी ‘क्षारक’ म्हणतात, कोणी सरसकट ‘अल्क’. आम्लारी हा शब्द ज्यानें घडविला त्याच्या कल्पकतेचें कौतुक वाटतें, कारण अऱ्हेनियसच्या चित्रास तो चपखल बसतो: दोन शत्रु, त्यांचें युद्ध, आणि त्यांचा तह. परंतु १९२३ नंतरच्या चित्रांत अल्क हा आम्लाचा शत्रु राहात नाहीं. तो त्याच्याच देहाची दुसरी अवस्था असतो. ‘संयुग्मी आम्लारी’ म्हणजे ‘जुळा वैरी’ असा चमत्कारिक अर्थ निघतो, आणि विद्यार्थी गोंधळले तर दोष त्यांचा नव्हे. त्या मानानें ज्या ‘क्षार’ शब्दाला आपण घोटाळ्याचा म्हणून हिणवितों, त्याचे दोन्ही अर्थ या सिद्धांतानें एकत्र आणले आहेत. जुन्या वैद्यांचा जाळणारा क्षार आणि शाळेंतला लवणरूप क्षार या दोन निराळ्या जाती नाहींत. प्रत्येक लवणांत कोणत्या तरी आम्लाचें संयुग्मी अल्क असतें, आणि तें दुबळें कीं बळकट एवढाच प्रश्न उरतो. हें भाषेचें भविष्यज्ञान नव्हे, योगायोग आहे. पण शिक्षकानें वापरावा असा योगायोग आहे.

सोपाऱ्याच्या पश्चिमेस कळंब आणि राजोडी येथें जो समुद्र लागतो, त्याचेंही पाणी किंचित् अल्कधर्मी असतें. कोपनहेगनच्याच सोरेनसेननें १९०९ सालीं आखलेल्या पीएच मापानें शुद्ध पाणी ७, तर समुद्राच्या पृष्ठभागाचें पाणी सरासरी ८·१ च्या जवळपास भरतें. लोक याचें श्रेय मिठाला देतात, तें चूक आहे. क्लोराइड येथेंही निष्क्रियच. हा गुण पाण्यांतील बायकार्बोनेट व कार्बोनेट यांचा, म्हणजे कार्बनिक आम्लाच्या दोन पिढ्यांच्या जोडीदारांचा आहे. आपल्या रक्ताचें माप ७·४ च्या आसपास स्थिर ठेवण्यांतही याच घराण्याचा मोठा हात असतो. कारखाने सुरू होण्यापूर्वीं समुद्राचा हा आंकडा ८·२ च्या सुमारास होता. कोळसा आणि तेल जाळून निघालेला कार्बनचा वायु समुद्रांत विरघळतो, त्याचें आम्ल होतें, तें आपला प्रोटॉन कार्बोनेटास देतें, आणि कार्बोनेटाचें बायकार्बोनेट होतें. ०·१ चा फरक दिसावयास लहान, पण त्याचा अर्थ पाण्यांतील प्रोटॉनांची संख्या सुमारें पाव भागानें वाढली, असा आहे. खाडींतील कालव आणि तिसरी आपलें कवच चुन्याच्या कार्बोनेटाचें करितात. पाण्यांत तें जितकें कमी मिळेल, तितकें कवच घडविणें त्यांना अधिक कष्टाचें होतें.